पायाशी कोण, गादीवर कोण?

१७ नोव्हेंबर १५७९ रोजी तीन जेझुइट पाद्री गोव्याहून निघाले. जायचं होतं फतेहपूर सिक्रीला. अकबर बादशहानेच गोव्याला वकील धाडून, तुमच्या धर्माची मुख्य पुस्तकं घेऊन जाणकार माणसं पाठवा, असं कळवलं होतं. तिघांचा प्रमुख रुदोल्फो अक्वाविवा हा इटलीतल्या एका ड्यूकचा मुलगा, अजून तिशीही न गाठलेला. दुसरा आंतोनियो मॉन्सेरात, स्पेनमधल्या कातालोनियाचा. तिसरा फ्रान्सिस्को एन्रिकेस हा होर्मुझचा. मुसलमान घरात जन्मून पुढे ख्रिस्ती झालेला. त्याला फारसी येत होती, म्हणून दुभाष्याचं काम त्याच्याकडे. दमण, सुरत, मग तापी ओलांडून खानदेशातलं सुलतानपूर, तिथून सातपुडा चढून मांडू आणि पुढे उत्तरेला, असा त्यांचा रस्ता. हे सुलतानपूर आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं. मुघल चित्रकलेच्या पुस्तकांत या गावाचं नाव सहसा येत नाही, पण युरोपातली कोरीव चित्रं बादशहाच्या हाती पडण्याआधी आपल्या उत्तर महाराष्ट्राच्या धुळीतून गेली होती.

त्यांच्या सामानात अँटवर्पच्या प्लांतिन छापखान्यातलं आठ खंडांचं बायबल होतं. १५६९ ते १५७२ या काळात, स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाच्या आश्रयाने छापलेलं. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी असे मजकूर शेजारी शेजारी. मार्च १५८० च्या सुरुवातीला ते बादशहाला पेश झालं. मॉन्सेरात सांगतो की अकबराने पगडी उतरवली, एकेक खंड घेऊन त्याचं चुंबन घेतलं, डोक्यावर ठेवला. मग विचारलं, यातलं इंजील कोणतं? ते दाखवल्यावर त्याला आणखी मान दिला. बादशहाने कुणापुढे डोकं उघडं करावं, ही दरबारात साधी गोष्ट नव्हती.

पण त्या बायबलातला मजकूर दरबारात वाचणार कोण? लॅटिन आणि ग्रीक कुणाला येत नव्हतं. वाचता आली ती चित्रं. पाद्र्यांनी ही आणि पुढे आणलेली चित्रं भक्तीसाठी आणली होती. मुघल कारखान्यातल्या चित्रकारांनी मात्र त्यात आणखी एक गोष्ट वाचली. कोण बसलं आहे, कोण उभं आहे, कुणाचं डोकं उघडं, कुणाच्या पायाखाली काय. माझं मत असं की हे वाचन पाद्र्यांपेक्षा त्यांनाच जास्त नीट जमलं.

आधी ही चित्रं काय होती ते पाहू. पंधराव्या शतकात युरोपात लाकडाच्या ठशावरून आणि तांब्याच्या पत्र्यावरून चित्रं छापण्याची कला रुळली. लाकडात रेघ तेवढी उभी ठेवून बाजूचं लाकूड कोरून काढायचं. तांब्यात उलट, रेघच खोल कोरायची, तिच्यात शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओला कागद दाबून रेघेतली शाई उचलायची. एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत. भिंतीवरचं मोठं चित्र चर्चला किंवा सरदाराला परवडे. ठशाचं चित्र जत्रेत विकत मिळे. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेश्ट ड्यूररची बायको आग्नेस नवऱ्याची चित्रं घेऊन फ्रँकफुर्टच्या जत्रेत विक्रीला जायची. म्हणजे कलेच्या इतिहासात प्रथमच असं घडत होतं की चित्रातला मेंढपाळ आणि चित्र विकत घेणारा, दोघंही साधी माणसं असू शकत होती.

गोष्टीही साध्या माणसांच्याच. सुताराचं घर, गोठा, मेंढपाळ, कोळी, वाट चुकलेला मुलगा. पण चित्रकार त्या गोष्टी स्वतःच्या गावात आणून बसवत. जर्मन शहरांत त्या काळी कुणी कुठल्या जातीचं कापड, कुठल्या प्राण्याची लोकर अंगावर घालावी याचे कायदे होते. मोलकरणीने काय घालू नये आणि व्यापाऱ्याच्या बायकोला किती रेशीम चालेल, हे लिहून ठेवलेलं असे. त्यामुळे पॅलेस्टाइनमधल्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला चित्रकाराने कुठली टोपी घातली आहे, यावरून बघणाऱ्याला त्याची पायरी लगेच कळे. ड्यूररने साधारण १४९६ मध्ये कोरलेला ‘उधळ्या पुत्र’ पाहा. बापाची संपत्ती उडवून डुकरं राखायची वेळ आलेला तो मुलगा अस्सल जर्मन खेड्याच्या अंगणात, उकिरड्याशेजारी, डुकरांच्या कळपात गुडघ्यावर बसला आहे. मागे उतरत्या छपरांची घरं. पश्चात्ताप हा आत्म्याचा विषय. ड्यूररने तो सामाजिक घसरणीतून दाखवला.

सगळ्यात बोलकं दृश्य म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या पाहुण्यांचं. मत्तयच्या शुभवर्तमानात ते ‘ज्ञानी’ आहेत. ते राजे होते असं तिथे लिहिलेलं नाही आणि किती होते हेही नाही. नजराणे तेवढे तीन. परंपरेने त्यांना राजे केलं आणि चित्रकारांनी त्यांची रांग लावली. सगळ्यात म्हातारा राजा मुकुट उतरवून गुडघ्यावर. दुसरा त्याच्यामागे. तिसरा, तरुण, बहुतेकदा आफ्रिकी चेहऱ्याचा, कडेला उभा, त्याची पाळी यायची आहे. राजांना एका गरीब बाळापुढे वाकवायचं, हा चित्राचा हेतू. पण वाकण्यातही पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे ठरवल्याशिवाय चित्रकाराला राहवलं नाही! जोसेफ बिचारा मागच्या खांबाजवळ. सुताराला राजांच्या ओळीत जागा नव्हती.

नेदरलँड्समधल्या लुकास व्हान लायडनने १५१० मध्ये पिलात येशूला जमावापुढे उभा करतो ते दृश्य कोरलं. मोठा चौक, चोहीकडे उंच घरं, पुढे पाठमोरी गर्दी. कुणी भारी झग्यातला, कुणी कामावरून आलेला. येशू दूर ओट्यावर, इतका लहान की शोधावा लागतो. ज्याच्यासाठी चित्र काढलं तोच सगळ्यात छोटा. लुकास तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असावा.

आणि मग १५२१. ल्यूथरच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लुकास क्रानाखच्या कारखान्यातून विटेनबर्गमध्ये एक छोटं पुस्तक निघालं. लाकडी ठशाची चित्रं, तेरा जोड्या. एका पानावर येशू, समोरच्या पानावर पोप. एका पानावर येशू शिष्यांचे पाय धुतो आहे. समोरच्या पानावर पोप सिंहासनावर बसून पाय पुढे करतो आहे आणि मुकुटधारी त्याच्या पायाचं चुंबन घेत आहेत. मजकूर थोडा होता. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्र कळत होतं. बायबलमधलं दृश्य आता उतरंड समजावण्यापुरतं राहिलं नव्हतं, उतरंड उलटवायलाही वापरलं जात होतं. जेझुइट संघटना १५४० मध्ये स्थापन झाली ती याच वादळात, पोपच्या बाजूने. अर्थातच गोव्याहून निघालेल्या पेटाऱ्यांत क्रानाखचं पुस्तक असणं शक्य नव्हतं. जेझुइटांनी आपली चित्रं स्वतंत्रपणे तयार करवली. १५९३ मध्ये अँटवर्पहून निघालेल्या हेरोनिमो नादालच्या पुस्तकात १५३ कोरीव चित्रं आहेत आणि प्रत्येक चित्रात जागोजागी लॅटिन अक्षरं. खाली त्या अक्षरांप्रमाणे स्पष्टीकरण. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हृदयाच्या आकृतीला नावं देतात ना, तसं. कुठे पाहायचं आणि काय समजायचं, हे बघणाऱ्यावर सोडायचंच नाही.

आता दरबाराची बाजू. मुघल दरबार हा स्वतःच एक मांडलेलं चित्र होता. कुणी किती अंतरावर उभं राहायचं, कठड्याच्या आत की बाहेर, कोर्निश कशी, तस्लीम कशी, हे ठरलेलं. जहांगीरकडे १६१६ मध्ये पोचलेल्या इंग्लंडच्या टॉमस रो या वकिलाला दरबार पाहून लंडनचं नाटकगृह आठवलं. बादशहा वरच्या सज्जात, बडे लोक उंच चौथऱ्यावर नटांसारखे, सामान्य लोक खालून बघणारे. अशा ठिकाणी रोज हजेरी लावणाऱ्या माणसाला चित्रातली उभं राहण्याची रीत समजावून सांगावी लागत नाही.

अकबर पाद्र्यांच्या प्रार्थनाघरात गेला तेव्हा तिथल्या चित्रापुढे त्याने तीन प्रकारे आदर दाखवला, असं जेझुइट लिहितात. मुसलमानांप्रमाणे झुकून, ख्रिस्त्यांप्रमाणे गुडघे टेकून आणि हिंदूंप्रमाणे साष्टांग. पाद्र्यांना वाटलं, बादशहा आपला झाला. मला मात्र त्यात वेगळं दिसतं. नमस्काराच्या तीन भाषा येणारा हा माणूस तिन्हीतल्या कुठल्याही एकीचा गुलाम नव्हता.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. हजरत ईसा आणि बीबी मरियम दरबाराला नवे नव्हते. अकबराच्या आईचा किताबच मरियम-मकानी, जहांगीरच्या आईचा मरियम-उझ-जमानी. कुरआनच्या एकोणिसाव्या सूरेचं नाव मरियम. पण तिथलं जन्माचं दृश्य आठवा. खजुराचा बुंधा, प्रसववेदना, पायाखाली झरा, आणि मरियम एकटी. राजे नाहीत, मेंढपाळ नाहीत, गोठा नाही, जोसेफसुद्धा नाही. तिथे उतरंड लावायला माणसंच नाहीत. युरोपच्या छापील चित्रात मात्र त्याच बाळाभोवती अख्खा दरबार भरलेला. ईसांचा जन्म मुघल चित्रकाराला माहीत होता. त्यापुढे गुडघ्यावर आलेले राजे ही त्याच्यासाठी बातमी होती.

हे चित्रकार कोण होते? अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त दसवंतची हकिकत देतो. पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढायचा. बादशहाची नजर पडली आणि त्याला ख्वाजा अब्दुस्समदच्या हाताखाली दिलं. थोड्याच काळात तो अव्वल ठरला, पुढे मन बिघडलं आणि १५८४ मध्ये त्याने आत्महत्या केली. खांद्यावर दुसऱ्याची पालखी घेणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला, चित्रात कोण बसलेलं आणि कोण वाहणारं, हे दिसणारच. बसावन, केसूदास, मनोहर अशी नावं युरोपी चित्रांवरून काढलेल्या कामांवर सापडतात. बसावनने त्या आठ खंडी बायबलातल्या एका मुखचित्रातली बाई उचलली. मूळ चित्रात ती फिलिप राजाच्या धर्मनिष्ठेचं रूपक होती. बसावनला फिलिपशी काय देणंघेणं? त्याने तिचं वस्त्र, तिची उभं राहण्याची ढब घेतली आणि राजाला तिथेच सोडलं.

याच सुमाराला गोव्यात काय होतं? १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्त्यांनी बिगर-ख्रिस्ती कारागिरांकडून धार्मिक चित्रं आणि पूजेच्या वस्तू करून घेऊ नयेत, असा ठराव केला होता. तिथल्या कारागिराचा हात चालत होता, धर्म आड येत होता. आणि सिक्रीत, लाहोरात, आग्र्यात हिंदू आणि मुसलमान चित्रकार एका छताखाली मरियमचे चेहरे रंगवत होते. मुघल दरबारात सगळं समतेचं राज्य होतं असं मला म्हणायचं नाही. पण हा एक फरक नोंदवायलाच हवा.

अबुल हसनचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. इराणहून आलेल्या आका रिझाचा हा मुलगा. १६०० मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने ड्यूररच्या १५११ च्या एका ताम्रचित्रावरून एक रेखाटन केलं. आज ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. ड्यूररच्या चित्रात मध्ये क्रूस, त्यावर येशू आणि खाली दुःखाने हात जुळवलेला योहान. अबुल हसनने फक्त योहान घेतला. क्रूस नाही, येशू नाही. मुसलमान मुलाने क्रूस का गाळला, याचं उत्तर कुरआनात सापडेल. ईसांना सुळावर चढवलं गेलं असं आपण मानत नाही. पण तेवढ्यावर थांबू नये. क्रूस गेल्यावर उरला तो कुणाच्याही पायाशी नसलेला, आपल्या दुःखात पूर्ण उभा असलेला माणूस. मूळ चित्रातला दुय्यम माणूस तेरा वर्षांच्या पोराने मुख्य केला.

हाच अबुल हसन मोठेपणी दरबाराचा लाडका झाला. जहांगीरने त्याला नादिर-उझ-जमान हा किताब दिला. आणि आता त्याचा ब्रश उलट्या दिशेने चालू लागला. बायबलच्या पहिल्या खंडाच्या मुखचित्रात सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकाच गव्हाणीत खाताना दाखवले आहेत. यशया संदेष्ट्याच्या स्वप्नातली शांतता. अबुल हसनने १६१८ च्या सुमारास काढलेल्या चित्रात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे. दोघे प्रत्यक्षात कधी भेटले नाहीत. दोघांच्या पायाखाली पृथ्वीचा गोल. गोलावर सिंह आणि कोकरू शेजारी आहेत, पण जहांगीर सिंहावर उभा आणि शाह कोकरावर; सिंह असा पसरलेला की कोकरू हिंदुस्थानापासून पार पश्चिमेकडे सरकलेलं. मागे सूर्य-चंद्राचं भलंमोठं तेजोवलय, ते पेलणारे युरोपी पंखवाले फरिश्ते. चित्र शांततेचं आणि मांडणी वर्चस्वाची. संतांच्या डोक्यामागचं वलय बादशहाच्या डोक्यामागे आलं, आणि त्यासाठी कुणाला बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही.

पृथ्वीच्या गोलाचं म्हणाल तर तो पाहायला वॉशिंग्टनला जायची गरज नाही. आमच्या नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, दर फेब्रुवारीत. सगळ्या धर्मांची माणसं रांगेत असतात. प्रागच्या प्रसिद्ध मूर्तीवरून आलेलं ते रूप नीट पाहा. गोठ्यातलं बाळ नाही ते. अंगावर राजवस्त्र, डोक्यावर मुकुट, एका हातात पृथ्वीचा गोल. नवस बोलायला आलेली कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यातली बाई त्या छोट्या राजापुढे उभी राहते. सुताराच्या मुलाला राजाचे कपडे घालायचा मोह युरोपालाही आवरला नाही. मुघलांनी तेच कपडे राजाला परत दिले, इतकंच.

पाद्र्यांच्या पदरात शेवटी फार काही पडलं नाही. १५८३ मध्ये अक्वाविवा गोव्याला परतला आणि त्याच वर्षी कुंकळ्ळीला, देवळं पाडल्याने संतापलेल्या गावकऱ्यांच्या हातून मारला गेला. १५९५ मध्ये आलेल्या हेरोनिमो झेवियरने मौलाना अब्दुस्सत्तारच्या मदतीने फारसीत ईसांचं चरित्र लिहिलं, ‘मिरात-उल-कुद्स’; १६०२ मध्ये ते अकबराला सादर झालं. त्याच सुमारास आग्र्यात मरियमच्या एका रोमन चित्राची प्रत लोकांसाठी मांडली तेव्हा बघणाऱ्यांची रीघ लागली. दरबारात कठड्याबाहेर उभं राहणाऱ्या माणसाला इथे पुढे जाऊन पाहता येत होतं. या मोहिमेतलं सगळ्यात मोठं यश मी तेच समजते.

राहता राहिला बिचित्र. त्याचं ‘जहांगीर आणि सूफी शेख’ हे चित्र साधारण १६१५ ते १६१८ मधलं, आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात. बादशहा वाळूच्या घड्याळाच्या आसनावर. समोर डाव्या बाजूला वरून खाली चौघं. सर्वांत वर अजमेरच्या चिश्ती दर्ग्याचे शेख हुसैन. बादशहा त्यांना पुस्तक देतो आहे आणि ते हातांवर कापड धरून घेत आहेत. त्यांच्याखाली उस्मानी सुलतान, हात जोडलेला. त्याच्याखाली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स, वकील रोने आणलेल्या चित्रावरून हुबेहूब उतरवलेला. आणि सगळ्यात तळाशी स्वतः बिचित्र.

राजे खाली आणि फकीर वर: पाद्र्यांना जे सांगायचं होतं ते इथे मुघली भाषेत आलं आहे, असं वाटतं खरं. पण शेखही बादशहाच्या वलयाच्या बाहेरच आहेत, आणि बादशहा फकिरांना मान देतो हे दिसावं म्हणून फकीर चित्रात हवेत. बिचित्रने मात्र स्वतःची जागा कशी वापरली ते पाहा. तो इंग्लंडच्या राजाच्या खाली आहे, पण त्याच्याच रांगेत आहे. जोसेफसारखा खांबामागे नाही. बादशहा आसनावर चढताना ज्या चौरंगावर पाय ठेवील त्यावर त्याने आपलं नाव लिहिलं आहे. हातात एक इवलंसं चित्र धरलं आहे. त्यात दोन घोडे, एक हत्ती आणि कमरेत वाकून सलाम करणारा तो स्वतः. अख्खं चित्र वहीच्या पानाएवढं, तेव्हा ते आतलं चित्र बोटाच्या पेराहून फार मोठं नसावं. वर्गात हे चित्र मोठं करून पडद्यावर दाखवते तेव्हा मुलं बादशहाला सोडून आधी तो हत्ती शोधतात, आणि मग विचारतात, टीचर, हा वाकलेला माणूस आणि हा पिवळ्या झग्यातला माणूस एकच आहे का?